आईचं ह्रस्व-दीर्घ

४ सप्टेंबर

आज खोटं बोलले. इंग्रजीच्या वर्गासमोर, उभ्या-उभ्या, तोंड वर करून.

मॅनेजरने कालच बजावलं होतं — कोणी विचारलंच तर सांगायचं, मी लहानपणापासून इंग्रजी बोलणाऱ्या देशात वाढले. "लोकांना अस्सल माल लागतो. तू शहाणी आहेस, तुला कळतं." कळतं! नव्या बॅचमधल्या बँकवाल्याने पहिल्याच तासाला विचारलं आणि मी धडधडीत सांगून टाकलं. त्याने समाधानाने मान डोलावली. वहीत लिहूनही घेतलं बहुतेक.

आई सातवी शिकलेली. बाबा टपाल खात्यातून निवृत्त. आमच्या घरात इंग्रजी बोललं जायचं ते एवढंच — आईचं "थँक्यू", तेही गॅसवाल्याला.

६ सप्टेंबर

दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत आईचा फोन.

"कशी आहेस?" — मस्त. "खोलीत ऊन येतं का गं?" — भरपूर. (खिडकीतून हात बाहेर काढला की समोरच्या इमारतीची भिंत लागते.) "मैत्रिणी झाल्या का?" — हो, बऱ्याच. एकही नाही. या परक्या देशात येऊन सात महिने झाले.

मग म्हणाली, "अगं ऐक ना, परवापासून माझा हा उजवा हात जरा—" तेवढ्यात घंटा झाली. म्हटलं, आई, उद्या बोलू. "बरं बरं, जा तू. मुलं खोळंबली असतील." मुलं! पन्नास वर्षांचे बाप्ये आहेत वर्गात. तिला वाटतं मी बाराखडी शिकवते.

८ सप्टेंबर

काल फोन करायचा राहिला. आजही. कपडे तीन दिवस वाळत नाहीत. ओल्याच मोज्यांनी कामावर.

१३ सप्टेंबर

आई फोन उचलत नाही. दोनदा वहिनीनेच उचलला. "आईंचा घसा बसलाय गं. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय." बोलायला मनाई — आमच्या आईला! म्हटलं, मग घरात शांतता असेल. वहिनी हसली नाही. एरवी सासूवरचा एवढा विनोद तिने सोडला नसता.

आईचे मेसेज मात्र येतात. "काळजी घे." "जेवलीस का?"

१९ सप्टेंबर

स्टाफरूममध्ये लंबू (सहा फूट तीन इंच, जन्माने इंग्रजीवाला) माझ्या खुर्चीमागे येऊन उभा. "अगं, हा पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे नक्की काय भानगड आहे? दहा मिनिटांत मला शिकवायचाय." शिकवला त्याला. त्याने जाऊन वर्गाला शिकवला. जिन्यातल्या मोठ्या फलकावर फोटो त्याचाच! माझा लावत नाहीत. तो तसा चांगला आहे बिचारा, त्याचं काय चुकलं. पण जिना चढताना त्या फोटोतले दात रोज बघायचे म्हणजे —

वर्गात मला खरं कोणी आवडत असेल तर शिंपीणकाकू. नाव काहीतरी लांबलचक आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. मनात मी त्यांना काकूच म्हणते. खाली गल्लीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. वय साठीच्या पुढे. मुलगी लग्न होऊन लांब गेली, जावयाला इंग्रजीशिवाय काही येत नाही. "जावयाशी भांडायचं आहे," हे त्यांनी प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलं होतं. 'इंग्रजी का शिकायचे आहे' या रकान्यात!

काकूंचं डोकं तल्लख, पण शब्द वेळेवर हाताला लागत नाही. डोळे मिटतात, बोटं चाळवतात, जणू डब्यात बटण शोधताहेत. आणि सापडलं की टेबलावर थाप!

२४ सप्टेंबर

आज निबंध तपासत बसले होते. लाल पेन हातात. मध्येच आईचा मेसेज.

"थंडी वाढली असेल. कानटोपी घालतेस ना? काळजी घे."

वाचला. पेन तसंच. पुन्हा वाचला.

आई "काळजि" लिहिते. कायम. "थंडि". "जेवलिस का". तिच्या सगळ्या वेलांट्या एकाच बाजूला झुकलेल्या. मीच तिला फोनवर टाइप करायला शिकवलं. शंभरदा सांगितलं, आई, काळजी दीर्घ. म्हणायची, "काळजी ती काळजी. ह्रस्व काय नि दीर्घ काय, करायची ती करतेच." आणि प्रश्नचिन्ह? आईने जन्मात प्रश्नचिन्ह घातलेलं नाही. तिचे सगळे प्रश्न हुकूम असतात.

मागचे मेसेज काढून बघितले. आठ सप्टेंबरपर्यंत चुका. दहापासून एकही चूक नाही. पंधरा दिवस शुद्ध मराठी! आणि मी — दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी — माझ्या लक्षात येऊ नये?

वहिनीला लिहिलं, "तू लिहितेस ना?"

मेसेज वाचल्याची खूण आली. तेवढीच.

२५ सप्टेंबर

सकाळी वहिनीचा फोन आला. आधी नुसतीच रडली. मग दादाने फोन घेतला.

नऊ तारखेला सकाळी आई अंघोळीला गेली, ती बाहेर आली नाही. दार फोडलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवी बाजू गेली. वाचा गेली. नऊ दिवस दवाखान्यात होती, आता घरी आणलंय.

"मला का नाही सांगितलं?"

"बाबा म्हणाले, ती तिथून काय करणार. उगाच जिवाला घोर."

"आणि मेसेज?"

"बाबा सांगायचे, ही लिहायची. बाबा म्हणाले, आईचा मेसेज नाही आला तर पोरीला लगेच कळेल." मग म्हणाला, "तसे आम्हाला तिचे शब्द पाठच होते."

त्यांच्यावर ओरडले. खूप. शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंतीवर ठोकलं. ओरडून झाल्यावर आठवलं — माझा हा उजवा हात जरा. तिने मला सांगितलं होतं. फक्त मला. घरात कोणालाच बोलली नव्हती.

हे दादाला सांगितलं नाही. इथेच लिहिते आहे.

२६ सप्टेंबर

पासपोर्ट सरकारी कचेरीत. राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवायला मॅनेजरने गेल्याच आठवड्यात पाठवलेला. "निदान पाच आठवडे. मी काही करू शकत नाही," तो म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा होता. लगेच पुढे — "संध्याकाळची बॅच घेशील ना?"

घेतली. काकूंनी विचारलं, टीचर, डोळे? म्हटलं, सर्दी. ते तेवढं बरोबर वाक्यात सांगितलं.

३० सप्टेंबर

व्हिडिओवर आई दिसली. बाबांनी फोन धरलेला, हात कापत होता. त्यामुळे आधी छत, मग औषधांच्या बाटल्या, मग आई.

केस कापलेत तिचे! विंचरायला सोपे म्हणून. तोंड एका बाजूला ओघळलेलं. मी "आई" म्हटलं. तिने बघितलं. ओळखलं — ते नक्की. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाबा म्हणत होते, "अगो, बघ तरी, पोरगी आहे." नाही वळली.

४ ऑक्टोबर

ठरवलं — मी शिकवीन. शब्द विसरलेल्यांना शब्द शिकवणं हेच तर काम आहे माझं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी वीस मिनिटं. वर्गातली चित्रं आहेतच — कप, दार, खिडकी, घड्याळ. इंग्रजी नावं झाकायची, बस.

बाबा खुश. "तुझी आई तुझं ऐकेल." दादा म्हणाला, डॉक्टरांनीही सराव करा म्हणून सांगितलंय.

६ ऑक्टोबर

"आई, हे काय? क... क..." — आई गप्प. "कऽऽप." गप्प. ओठ हलतात. आवाज येतो तो शब्द नाही, नुसता हुंकार. मी म्हणते, "छान! पुन्हा!" माझाच वर्गातला आवाज ऐकू येतो मला.

७ ऑक्टोबर

तेच.

९ ऑक्टोबर

आज कप, दार झालं, घड्याळाचं चित्र धरलं. आईने खऱ्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कळतं तिला! सगळं कळतं. मी म्हटलं, "येतंय तुला, थोडा प्रयत्न कर ना आई." तिने डाव्या हाताने जवळचा चहाचा कप उचलला आणि भिरकावला. फोनवर नाही — भिंतीवर. बाबांच्या सदऱ्यावर चहा. बाबा म्हणाले, "असू दे, असू दे." कोणाला म्हणाले कळलं नाही.

उशिरा पोचले. मॅनेजरने घड्याळ दाखवलं. त्यालाही घड्याळच!

११ ऑक्टोबर

कोटाचं अस्तर फाटलं म्हणून काकूंच्या दुकानात गेले. फाटून महिना झाला. खरं कारण, खोलीवर जाववेना.

छोटंसं दुकान, एक मशीन, एक दिवा, भिंतीला लोकांच्या, आत पाय नसलेल्या पँटींचे ढीग. काकूंनी स्टूल पुढे केलं. मी बसले आणि तोडक्यामोडक्या इथल्या भाषेत, इंग्रजीत, हातवारे करत सगळं सांगितलं. हात, न्हाणीघर, वाचा, चित्रं, कप. तो उजव्या हाताचा फोनही सांगितला. पहिल्यांदाच कोणाला.

काकू अस्तर शिवत राहिल्या. दोरा दाताने तोडला. मग डोळे मिटून शब्द शोधायला लागल्या, बोटं चाळवायला लागली. मी मदत करायला तोंड उघडलं तर हात वर करून थांबवलं मला. बराच वेळ लागला. मग टेबलावर थाप.

"यू, टीचर. शी, मदर. नो टेस्ट."

व्याकरण शून्य. पण त्या दुकानात मी हुंदके देऊन रडले. गिऱ्हाईक आलं तेव्हा काकूंनी मला पँटींच्या ढिगाआड बसवलं.

१२ ऑक्टोबर

चित्रं काढली नाहीत आज. बाबांना म्हटलं, फोन उशीला टेकवून ठेवा आणि तुम्ही बाहेर जा.

मग आईला म्हटलं, "आई, माझ्या खोलीत ऊन येत नाही."

तिने भिंतीकडून तोंड वळवलं.

सगळं सांगितलं. मैत्रिणी नाहीत. दुपारचा डबा जिन्यात खाते कारण स्टाफरूममध्ये मी गेले की गप्पा बंद होतात. कुठली आहे म्हणून विचारलं तर खोटं सांगते. त्या खोटेपणात तू नसतेस आई, बाबा नसतात, आपलं घर नसतं, मी आकाशातून पडल्यासारखी असते. सकाळी नाही, रात्रीच रडून घेते, म्हणजे कामावर डोळे नीट. आणि त्या दिवशी तू हाताचं सांगत होतीस तेव्हा घंटा झालीच नव्हती. तीन मिनिटं होती अजून. मला चहा प्यायचा होता.

हे शेवटचं या वहीतही खोटंच लिहिलं होतं मी.

आई बघत होती. तिच्या एकाच डोळ्यातून पाणी येत होतं, त्या ओघळलेल्या बाजूच्या. मग डावा हात आला आणि फोनच्या काचेवर फिरला. मला नुसता तळवा दिसत होता, मोठा, अंधारा. माझ्या तोंडावरून हात फिरवत होती.

१५ ऑक्टोबर

आता रोज बोलते. मीच. ती ऐकते. बाबा म्हणाले, तुझ्या फोनच्या वेळेआधी ती वहिनीला केसांकडे खूण करते. विंचरून हवे असतात!

एवढं मी आईशी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

१९ ऑक्टोबर

लंबूने विचारलं, "तू हल्ली गाणं का गुणगुणतेस?" मी? छे!

२७ ऑक्टोबर

पासपोर्ट आला.

घेऊन खोलीवर आले, टेबलावर ठेवला आणि बसले त्याच्यासमोर. मग परत जाऊन मॅनेजरकडे रजा मागितली — दोन महिने. तो म्हणाला, मिळणार नाही, हंगाम आहे; जायचं तर राजीनामा दे. तर मग राजीनामा! कागद मागून तिथेच लिहिला. एक पूर्णविराम जरा जोरात पडला, कागदाला भोक.

जायचं. आईजवळ राहायचं. तिकडे एखाद्या शाळेत बाराखडी शिकवीन.

२८ ऑक्टोबर

घरी सांगितलं. दादा म्हणाला, "बरं होईल गं. ही एकटी थकते." बाबा म्हणाले, "नीट विचार केलायस ना?" म्हटलं, फोन आईकडे द्या.

आईला म्हटलं, "आई, मी येतेय. कायमची. बुधवारी निघते."

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हलायला लागले. मान ताणली, गळ्याच्या शिरा फुगल्या. मी म्हटलं, राहू दे आई, नंतर. ती थांबेना. आणि मग आवाज आला. हुंकार नाही — शब्द! स्वच्छ, आईच्या जुन्या आवाजात.

"येऊ नको."

बाबा ओरडलेच. "बोलली! बोलली! अरे या रे सगळे!" वहिनी धावत आली, दादा आला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आई पुन्हा म्हणाली, "येऊ नको." बाबा रडत होते, हसत होते, "ऐकलंस ना? बोलली गं तुझी आई!"

ऐकलं. आनंदात कोणाला शब्दांचा अर्थ ऐकूच आला नाही. मला आला.

२९ ऑक्टोबर

दिवसभर तेच दोन शब्द कानात. सात आठवडे मुकी होती आणि तोंड उघडलं ते मला अडवायला.

का? माझी दया आली? की राग? तीन मिनिटांचा राग? मी सांगायलाच नको होतं ते.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तुझं नुकसान होऊ नये म्हणून म्हणाली असेल. आईच ती." दादा म्हणाला, "आता तूच ठरव बाई."

३० ऑक्टोबर

खरं सांगू? या वहीला तरी सांगते. दुखावले ते आहेच. पण त्याच्या खाली, अगदी तळाशी, हायसं वाटलं. औषधं, बेडपॅन, बाबांचे कापणारे हात, तो वास जो फोनमधूनही येतो असं वाटतं — त्यातून सुटले. आणि सोडलं कोणी? आईने! आईच्या शब्दाबाहेर कसं जायचं?

असली मी.

१ नोव्हेंबर

राजीनामा परत घेतला. मॅनेजर आता गोड. नवा करार पुढे सरकवला, दोन वर्षांचा. मध्ये सोडता येणार नाही, फक्त हिवाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस घरी. सही केली. "फलकावर फोटोचंही बघू," म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या.

काकूंना सांगितलं. त्या खूप वेळ शब्द शोधत राहिल्या. नाही सापडला. पहिल्यांदाच टेबलावर थाप नाही पडली.

९ नोव्हेंबर

घरी फोन आठवड्यातून एकदा. बाबा म्हणतात, आई झोपलीय, आई दमलीय. मी मागत नाही. तिला नको तर नको. मीही तिचीच मुलगी आहे.

२० नोव्हेंबर

पाऊणशे निबंध तपासले. विषय — 'माझं घर'.

४ डिसेंबर

आज वर्गात एका नव्या मुलीने विचारलं, टीचर, तुम्ही कुठल्या? खरं सांगितलं. काही झालं नाही. तिने नुसतं "ओ" म्हटलं. एवढ्यासाठी इतके महिने!

वाटलं, हे आईला सांगावं. फोन हातात घेतला. ठेवला.

१८ डिसेंबर

सुट्टीचं तिकीट काढलं. वहिनीलाच कळवलंय. आईला सांगू नको म्हटलं — पुन्हा अडवलं तर आठ दिवसही जाता यायचं नाही.

२३ डिसेंबर

पोचले. दारात बॅग घेऊन उभी. आई खाटेवर, पाठीला उशा. मला बघितलं आणि डावा हात लांब केला, म्हणाली, "येऊ नको."

मी उंबऱ्यातच थिजले.

"अगं, आत ये ना!" वहिनी म्हणाली. "त्या सगळ्यालाच तेवढंच म्हणतात. पाणी हवं असलं तरी 'येऊ नको', दिवा लाव म्हणायचं तरी 'येऊ नको'. पहिल्या दिवसापासून हे दोनच शब्द आलेत त्यांना. दुसरं काही येत नाही. बाबा बोलले नाहीत तुला?"

बाबा जमिनीकडे बघत होते. "दोनचार दिवसांत आमच्या ध्यानात आलं. पण तोवर तू सही केली होतीस. मग म्हटलं, सांगून काय."

जवळ गेले. आईने एका हाताने मान धरून खाली ओढलं, घट्ट, गालाला गाल लावला आणि सोडेना. कानाशी एकसारखं चाललेलं, लाडाने, तान्ह्या पोराला थोपटावं तसं —

येऊ नको, येऊ नको, येऊ नको.